ऑपरेशन न्हाई, नुसती डबी बसवल्या

“आजी, ऑपरेशन झालंय का कुठलं?”

“न्हाई.”

“रॉड, पट्टी, स्क्रू, असलं काही अंगात?”

“न्हाई गं बाई. हाडं अजून धड हाईत माझी.”

फॉर्मवर सगळीकडं ‘नाही’वर टिक झाली. आजींनी ठसठशीत सही केली, पाटल्या आणि मंगळसूत्र सुनेच्या हातात दिलं, गाऊन घातला. कंबरेचा एमआरआय, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. बाहेर आठ पेशंट खोळंबलेले. आजींना धरून मी आतल्या दाराशी आणलं, गाऊनची सुटलेली नाडी बांधायला हात घातला आणि डाव्या खांद्याच्या खाली चुन्याच्या डबीएवढा उंचवटा बोटांना लागला.

“आजी, हे काय?”

“ही व्हय? ही हार्टची डबी. तीन वर्सं झाली बसवून.”

“अहो, मग ऑपरेशन नाही म्हणालात?”

“ऑपरेशन कुठलं? भूल न्हाई, काय न्हाई. जागीच हुते की मी. डाक्टर माझ्यासंगं बोलत बोलत बसवत हुता.”

आजींचं काही चुकलं नव्हतं. पेसमेकर बसवताना बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करतात. गावाकडं ऑपरेशन म्हणजे टेबलावर झोपवून, भूल देऊन, पोट फाडणं. जागेपणी झालं ते ऑपरेशन कसलं? प्रश्न माझा चुकीचा होता. आजी आणि एमआरआयचं चुंबक यांच्यात चार पावलं उरली होती.

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. कोल्हापुरात एमआरआय टेक्निशियन म्हणून मला अठरा वर्षं होतील. त्या आजींपासून पहिल्या प्रश्नात मी ‘ऑपरेशन’ हा शब्द वापरत नाही. मी विचारते, “बाहेरची कुठलीही वस्तू शरीरात बसवलीय का? डबी, बॅटरी, मशीन, तार, स्प्रिंग, जाळी, वाटी, रॉड, तांबी?” कारण लोक ह्याच शब्दांत बोलतात. स्टेंटला स्प्रिंग म्हणतात, हर्नियाची ती जाळी, खुब्याची ती वाटी, आणि कॉपर-टी म्हणजे तांबी. फॉर्मवर ‘इम्प्लांट’ छापलंय, पण तो शब्द कळणारा माणूस आमच्याकडं दिवसाला एखादाच येतो. आणि मी तीनदा विचारते. एकदा फॉर्म भरताना, एकदा कपडे बदलल्यावर आणि एकदा दाराशी, त्या वेळी नातेवाइकांच्या देखत. तिसऱ्यांदा विचारलं की लोक वैतागतात. वैतागू देत. ‘अगं आई, ते कानाचं सांग की!’ हे वाक्य मी दाराशीच ऐकलंय, आधी कधीच नाही.

आधी एक सांगते, म्हणजे उगाच घाबरायला नको. गुडघ्याची वाटी, आजकालचे स्टेंट, जाळी, तांबी, दाताची कॅप यांतल्या बहुतेक गोष्टींना एमआरआय चालतो. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. माझी काळजी वेगळ्या गोष्टींची असते. ज्यात बॅटरी आहे, ज्यात लांब तार आहे, ज्यात स्वतःचंच चुंबक आहे, आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर लावलेली जुनी क्लिप. ही क्लिप हल्ली टायटॅनियमची असते, पण पूर्वी चुंबकाकडं ओढल्या जाणाऱ्या पोलादाच्याही असायच्या. १९९२ साली अमेरिकेत अशीच क्लिप असलेली एक बाई एमआरआयच्या खोलीत नेली गेली, क्लिप हलली आणि बाई दगावली. म्हणून डोक्याचं ऑपरेशन झालेला माणूस ‘पंचवीस वर्षं झाली, आता काय नाही हो’ म्हणाला की मी जागची हलत नाही. कागद आणा.

आता हे मशीन नेमकं करतं काय? आमचं मशीन १.५ टेस्लाचं. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. आणि ते कधी बंद नसतं. रात्री दिवे घालवून कुलूप लावून आम्ही घरी जातो तेव्हाही आत चुंबक तेवढंच जोरात असतं, कारण त्याची वेटोळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेली असतात. एकदा सोडलेला प्रवाह त्यात फिरतच राहतो. नवीन आलेल्या सफाईच्या मावशींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. लोखंडी कडीची बादली घेऊन ‘मशीन बंद आहे’ म्हणून आत जाऊ नका. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण जिवाला मुकला, तो पेशंट नव्हता, नातेवाईक होता. २०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कजवळ गळ्यात व्यायामाची जड साखळी घातलेला माणूस बायकोला टेबलावरून उठवायला आत गेला आणि मशीनकडं ओढला गेला. तोही पेशंट नव्हता.

ओढणं सगळ्यांना कळतं. पेसमेकरमध्ये खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. चित्र काढायला मशीन अंगात रेडिओ लहरी सोडतं. १.५ टेस्लाला त्या साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, ३ टेस्लाला १२८ च्या. तुमच्या गाडीतलं एफएम ८८ ते १०८ वर लागतं, म्हणजे आम्ही त्याचे अलीकडचे-पलीकडचे शेजारी. आणि पेसमेकरची तार म्हणजे काय? खांद्यातून हृदयात उतरवलेली अर्ध्या मीटरच्या आसपासची वायर. एरियलच ते. लहर पकडते, आणि ती सगळी उष्णता तारेच्या टोकाशी, जिथं ती हृदयाच्या स्नायूत रुतलेली असते, तिथं काही मिलिमीटरांत उतरते. पेशंटला कळतही नाही, कारण हृदयाच्या आत भाजल्यासारखं वाटत नाही. किती तापेल ते तारेची लांबी, तिचं वळण, माणूस मशीनमध्ये कुठवर सरकवलाय, अशा दहा गोष्टींवर ठरतं. म्हणून ‘कमी टेस्लाचं मशीन म्हणजे सुरक्षित’ हा हिशोब चालत नाही. पेसमेकरच्या कंपनीनं १.५ वर तपासून मान्यता दिली असेल तर ती १.५ ची. त्याहून कमी टेस्लाच्या मशीनसाठी ती आपोआप लागू होत नाही, हे मला बऱ्याच डॉक्टरांनासुद्धा समजवावं लागलंय. (नम्रपणे. चहा पाजून.)

तिसरी गोष्ट म्हणजे तो ठकठक आवाज करणारी ग्रेडियंटची, म्हणजे चुंबकाचा जोर जागोजागी कमीजास्त करणारी, वेटोळी. ती इतक्या झपाट्यानं चालू-बंद होतात की पेसमेकरला वाटू शकतं, हे हृदयाचेच ठोके आहेत. मग तो गप्प बसतो. ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर चालतं, त्याच्यासाठी हे गप्प बसणं किती सेकंद परवडेल? आयसीडी, म्हणजे हृदयाची लय बिघडली की आतूनच शॉक देणारी डबी, असेल तर उलटं. त्याला वाटतं हृदय भलतंच धावतंय, आणि तो शॉक द्यायची तयारी करतो.

म्हणून किती तरी वर्षं सगळीकडं एकच पाटी होती. ‘पेसमेकर असल्यास आत येऊ नये.’ आम्हीही लावली होती. सोपं होतं ते. पेशंटला नाही म्हटलं की आपण सुरक्षित. पण त्या माणसाच्या मेंदूत गाठ आहे का, मणक्यात नस दबलीय का, हे मग कळणार कसं? सीटीवर काही कळतं, सगळं नाही. ‘नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं.

२०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एमआरआयसाठी मान्यता मिळालेला पहिला पेसमेकर आला, मेडट्रॉनिकचा रिव्हो. त्यालाही अट होती. मशीनचा मध्य मानेच्या पहिल्या मणक्याच्या वर किंवा छातीच्या शेवटच्या मणक्याच्या खाली पाहिजे. म्हणजे डोकं चालेल, कंबर चालेल, मान आणि छाती नाही. पुढच्या मॉडेलांत ही अट सुटत गेली. आणि २०१७ साली दोन मोठे अभ्यास आले, ते आमच्या सरांनी छापून भिंतीला चिकटवले होते. एकात १,५०० स्कॅन, ज्यांच्या यंत्रांना एमआरआयची मान्यताच नाही अशा लोकांचे, १,००० पेसमेकर आणि ५०० आयसीडी, छाती सोडून बाकी भागांचे. स्कॅनदरम्यान एकही मृत्यू नाही, एकही तार निकामी नाही. दुसऱ्यात १,५०९ माणसं, २,१०३ स्कॅन, त्यात छातीचेही. नऊ वेळा यंत्र आपलं आपण रिसेट झालं.

लोक हे आकडे वाचतात आणि म्हणतात, म्हणजे काही होत नाही. मी त्यांना पहिल्या अभ्यासातली एकच ओळ दाखवते. एका आयसीडीशी स्कॅननंतर संपर्कच होईना, तो लगेच बदलावा लागला. का? स्कॅनआधी त्याचं सेटिंग ठरल्याप्रमाणं बदललेलंच नव्हतं. पंधराशे वेळा माणसांनी यादी नीट पाळली म्हणून तो आकडा चांगला आला. यंत्राचं कौतुक त्यात थोडंच आहे.

तर कंडक्टरकाकांची गोष्ट.

काका एसटीतून रिटायर झालेले, वय ७१, कागल तालुक्यातले. हातातून वस्तू सुटायला लागल्या होत्या, सदऱ्याची बटणं लावता येईनात, चालताना पाय लटपटत. न्यूरोसर्जननी मानेचा एमआरआय लिहिला. २०१८ साली पेसमेकर बसवलेला. दोन ठिकाणी ‘पेसमेकर? नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. एका ठिकाणी तर म्हणे शब्द ऐकल्यावर खिडकीच बंद केली. नात घेऊन आली होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा पहिलाच प्रश्न, “ताई, तुम्ही पण नाहीच म्हणणार ना?”

मी म्हटलं, कार्ड आण.

पेसमेकर बसवला की एटीएम कार्डाएवढं एक कार्ड देतात. त्यावर डबीचं मॉडेल, नंबर, आणि तारांचंही मॉडेल असतं. तारांचं महत्त्वाचं. कारण ‘एमआर कंडिशनल’, म्हणजे अटींवर एमआरआय चालेल, हा शिक्का नुसत्या डबीला नसतो, डबी आणि तारा मिळून सगळ्या सेटला असतो. डबीची बॅटरी संपल्यावर डबी नवी येते, तारा जुन्याच ठेवतात, आणि घरचे खुशाल सांगतात, “नवीन एमआरआयवाला पेसमेकर आहे.” डबी एमआरआयवाली, तारा २००५ च्या. मग कंडिशनल नाही.

हा कंडिशनल शब्दसुद्धा जपून घ्यायचा. वस्तूंवर तीन खुणा असतात. हिरवा चौकोन म्हणजे कुठंही न्या, लाल गोलावर तिरकी रेघ म्हणजे न्यायचंच नाही, आणि पिवळा त्रिकोण म्हणजे अटी पाळून. जवळपास सगळ्या यंत्रांना पिवळा त्रिकोण आहे. पूर्वी ‘एमआर कंपॅटिबल’ म्हणायचे, ऐकायला बरं वाटायचं आणि अर्थ काहीच नाही. २००५ मध्ये तो शब्द काढून ह्या तीन खुणा आणल्या ते बरं झालं, पण डिस्चार्ज कार्डावर अजून ‘एमआरआय कंपॅटिबल’ लिहून येतं. कोणत्या अटी? ते कोण सांगणार?

काकांचं कार्ड सापडेना. नातीनं अख्खं कपाट उपसलं. दोन दिवसांनी सापडलं ते पत्र्याच्या ट्रंकेत, रेशन कार्ड आणि विहिरीच्या कागदांच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळी बांधलेलं. काकांचं म्हणणं, एवढं महागाचं कार्ड, हरवलं तर? म्हणून नीट ठेवलं. इतकं नीट ठेवलं की पेसमेकर छातीत घेऊन काका कोल्हापूर फिरत होते आणि त्याची ओळख गावात ट्रंकेत होती.

मॉडेल जुळली, डबी आणि दोन्ही तारा. कंपनीच्या कागदात मान चालते, १.५ टेस्ला, अंगात सोडायच्या लहरींची मर्यादा दर किलो वजनामागं २ वॅट. ही मर्यादा मशीन आम्ही टाइप केलेल्या वजनावरून मोजतं, म्हणून आमच्याकडं काटा आहे आणि ‘असेल सत्तर’ चालत नाही. काका ६१ भरले. सत्तर टाकलं असतं तर मशीननं हिशोबच चुकीचा केला असता.

मग छातीचा एक्स-रे. कार्ड असलं तरी हा घेतोच. काकांच्या आधी साताऱ्याकडच्या एका निवृत्त बाईंचं कार्ड असंच सगळं बरोबर होतं. एक्स-रेवर दोनऐवजी तीन तारा दिसल्या. पहिल्या वेळची एक तार खराब झाली होती, ती न काढता टोक बंद करून आत तशीच सोडलेली. डबीला न जोडलेली सुटी तार जास्त तापू शकते, आणि तिचा उल्लेख कार्डावर नसतो, कारण कार्ड नव्या सेटचं. सर आणि हार्टचे डॉक्टर अर्धा तास बोलले आणि त्यांचा एमआरआय आम्ही केला नाही. सीटीवर भागवलं. त्या बाई माझ्यावर अजून नाराज आहेत.

काकांच्या एक्स-रेवर दोनच तारा, कुठं तुटलेल्या नाहीत. बसवून सहा आठवडे कधीच उलटलेले. तारीख ठरली, हार्टचे डॉक्टर येणार, कंपनीचा मुलगा पुण्याहून प्रोग्रॅमर घेऊन येणार. प्रोग्रॅमर म्हणजे लॅपटॉपसारखं यंत्र, छातीवर त्याचा मूठभर तुकडा ठेवला की पेसमेकरशी बोलतं. काकांचं हृदय पूर्ण पेसमेकरवर होतं, स्वतःचे ठोके जवळजवळ नाहीतच. म्हणून त्याला असं लावलं की बाहेरून काहीही ऐकू येवो, तू आपला ठराविक ठोका देत राहा. एरवी पेसमेकर ऐकून मग ठोका देतो, ह्या सेटिंगमध्ये तो ऐकतच नाही.

काका म्हणाले, “म्हंजे बेल वाजली तरी ड्रायव्हरनं गाडी थांबवायची न्हाई.” तेच. आमच्या कंपनीच्या मुलापेक्षा बरं समजावलं.

बोटाला ऑक्सिमीटर, हातात रबरी फुगा. काही वाटलं तर दाबायचा. शॉकचं यंत्र दाराबाहेर, आत नाही, कारण तेही लोखंडाचं. त्याआधी त्यांच्या मधल्या बोटातून काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी साबण लावून काढली. शनीसाठी घातलेली, बावीस वर्षं न निघालेली. आमच्याकडं आठवड्याला दोन तरी अशा अंगठ्या निघतात, आणि त्या शुद्ध लोखंडाच्या. खिशातली नाणीसुद्धा चिकटतात. आपल्या रुपयाची मला ह्या नोकरीत जेवढी भीती बसलीय तेवढी महागाईनंही बसवली नाही.

स्कॅन पस्तीस मिनिटं चालला. कमी ऊर्जेचे सिक्वेन्स घेतले, मध्ये थांबलो, दर वेळी माइकवर विचारलं, “काका, बरं आहे?” “बराय. आवाज लालपरीसारखा येतोय, दुसऱ्या गिअरची.” हार्टचे डॉक्टर पूर्ण वेळ स्क्रीनवरच्या ठोक्यांकडं बघत उभे होते, फोन खिशात. तेवढ्यासाठी त्यांचे मी मनापासून आभार मानले, कारण ‘मी शेजारच्या बिल्डिंगमध्येच आहे’ म्हणणारेही असतात. मानेत दोन ठिकाणी मज्जारज्जू चांगलाच दाबलेला दिसला. सर्जनना हवं होतं ते चित्र मिळालं.

स्कॅन झाला म्हणजे झालं असं नाही. सेटिंग परत पूर्ववत करणं राहतं, आणि माझ्या मते सगळ्यात घातक क्षण तो असतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात, कंपनीच्या मुलाची गाडी चुकत असते, पुढचा पेशंट आत येऊन बसलेला. आयसीडीवाल्याचा शॉक बंद करून ठेवलेला परत चालू करायचा राहिला तर माणूस घरी जाईल, जेवेल, झोपेल, आणि ज्या रात्री त्याला त्या यंत्राची गरज पडेल त्या रात्री ते गप्प असेल. म्हणून आमच्याकडं एक खवचट नियम आहे, मीच केलेला. पेशंटचे कपडे माझ्याकडं कुलपात. ‘पूर्ववत केलं’ ह्यावर डॉक्टरांची सही आली की किल्ली. सर हसतात. पण सही येते.

कानाच्या मशीनचं राहिलं. ‘कानाचं मशीन’ म्हटलं की दोन गोष्टी असू शकतात. एक बाहेर अडकवायचं श्रवणयंत्र, ते काढून ठेवलं की झालं. दुसरं कॉक्लिअर इम्प्लांट, त्याचा बाहेरचा भाग निघतो पण कातडीखाली, कवटीला लागून, एक खरंखुरं चुंबक राहतं. सरकारी योजनेतून इम्प्लांट बसलेली मुलं आता मोठी होऊन आमच्याकडं यायला लागलीत. आया बाहेरचा भाग काढून पर्समध्ये टाकतात आणि म्हणतात, “काढलं मशीन.” जुन्या मॉडेलमध्ये ते चुंबक आतल्या आत सरकू शकतं, फार दुखतं, काही वेळा आधी ऑपरेशन करून काढावं लागतं, काहींना डोक्याला घट्ट पट्टी बांधून चालतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या काही मॉडेलमध्ये चुंबक आत फिरतं, मशीनच्या दिशेला आपणहून वळतं, त्यामुळं काढावं लागत नाही. यातलं कुठलं, ते परत कार्डच सांगणार. ती मुलं सात-आठ वर्षांची असतात, त्यांना ‘दुखलं तर फुगा दाब’ हे मी बाहेरचा भाग काढायच्या आधी सांगते. नंतर सांगून उपयोग नाही, ऐकूच येत नसतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका पोरीनं पूर्ण स्कॅनभर माझ्याकडं काचेतून बघत नुसते ओठ वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं.

काकांकडं परत येते. सही झाली, किल्ली दिली, काकांनी सदरा घातला, बटणं नातीनं लावली. मी कार्डाच्या दोन झेरॉक्स काढल्या, नातीच्या मोबाइलमध्ये फोटो काढायला लावला आणि काकांना बजावलं, “हे आता पाकिटात. ट्रंकेत नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हे काढायचं.”

“तिकीट दाखविल्याबिगर आत न्हाई. चाळीस वर्सं हेच केलं की मी,” म्हणाले, सगळ्यांना नमस्कार केला आणि हळूहळू लिफ्टकडं गेले.

दहा मिनिटांनी काउंटरवरची पोरगी धावत आली. घोड्याच्या नालेची अंगठी काकांनी आठवणीनं मागून घेतली होती. कार्ड झेरॉक्स मशीनच्या झाकणाखालीच राहिलं होतं. आमचा शिपाई ते घेऊन पळाला, रिक्षा स्टँडवर गाठलं म्हणून बरं.